दुसऱ्या टाकीचे शास्त्र

एप्रिल सरत आला, परीक्षा आटोपल्या आणि पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला की साकोली, लाखनी, भंडाऱ्याकडच्या घराघरांत बेत शिजू लागतात. पचमढी की चिखलदरा, की यंदा एकदाचे कोकण, या वादात ताटातले वरण निवते. रस्ता कोणता घ्यायचा, गाडी कोणाची न्यायची, डिझेल किती लागेल, आजीला पुढे बसवायचे की मागे, सगळ्याची चर्चा होते. या चर्चेला एकच जण हजर नसतो. तो त्या वेळी दिवाणाखाली शिरून कोणाची तरी चप्पल चघळत असतो, आणि पुढच्या सगळ्या प्रवासाचा निकाल मात्र त्याच्याच हाती असतो. लहान पोट्ट्यांना घेऊन गाडीने लांब जाण्याविषयी आजवर जेवढे मार्गदर्शन झाले, ते या एका गैरहजेरीमुळे वाया गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे. टायरची हवा पाहा, कूलंट पाहा, स्टेपनी पाहा, असे ते सारे मार्गदर्शन गाडीची समजूत घालत बसते. गाडीला समजावण्यासारखे काही नसते, ती ऐकतेच. म्हणून प्रस्तुत शास्त्राचे सूत्र वेगळे आहे. प्रवासाचे अंतर चालकाने मोजू नये, सर्वांत धाकट्या प्रवाशाने मोजावे. पुढे जे येईल ते या एका सूत्राचे भाष्य समजावे.

आधी पुरावा. साध्या छोट्या गाडीची इंधनाची टाकी पस्तीस-चाळीस लिटरची असते. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तरी एका टाकीत साकोलीहून पचमढी गाठून वर शिल्लक राहते, कारण ते अंतर साडेतीनशेच्या आसपास आहे. या हिशेबावर विसंबून माणसे पहाटे पाचला निघतात आणि दुपारचे जेवण पचमढीत, असे आदल्या रात्री जाहीर करून बसतात. पण गाडीत आणखी एक टाकी प्रवास करत असते, आणि तिचा काटा डॅशबोर्डवर बसवण्याचे अजून कोणत्याही कंपनीला सुचलेले नाही. चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची क्षमता बालरोगशास्त्रात दीडशे ते एकशेऐंशी मिलिलिटर धरतात, म्हणजे जेमतेम दोन कप चहा. पहिली टाकी चालता चालता रिकामी होते, दुसरी चालता चालता भरते. पहिलीचा लाल दिवा लागला तरी पंपापर्यंत पोहोचण्याइतकी सवड असते. दुसरीचा इशारा मिळतो तेव्हा तीन मिनिटे उरलेली असतात, आणि त्यातली दोन ‘खरंच लागली का?’ हे विचारण्यात जातात. यावर काही काटकसरी पालक पाणीच कमी पाजण्याचा मार्ग काढतात. विदर्भाच्या मे महिन्यात हा मार्ग थेट दवाखान्यात जातो, म्हणून तो या शास्त्राला मान्य नाही. पाणी द्यायचेच, आणि दिलेले पाणी थांबायला लावणारच. गाडीत दोन मुले असतील तर टाक्या दोन होतात आणि त्या एकाच वेळी कधीही भरत नाहीत. लाखनीला धाकटा उतरतो तेव्हा थोरला ‘मला नाही लागली’ असे शपथेवर सांगतो, आणि दहा किलोमीटरवर त्याची शपथ सुटते. तेव्हा गाडीचा पल्ला किती, या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या पुस्तकात शोधू नये. ते त्या दोन कपांत असते.

आता हेच रस्त्यावर लावून पाहू. साकोली ते नागपूर हे अंतर राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून, म्हणजे जुनी माणसे अजूनही ज्याला सहा नंबर म्हणतात त्या रस्त्याने, सुमारे शंभर किलोमीटर. एकट्या माणसाला दोन तास पुरतात. पण धाकट्याच्या मापाने हा रस्ता शंभर किलोमीटरचा नसून चार थांब्यांचा आहे: एक गरजेचा, एक हट्टाचा, एक ओकारीचा आणि एक बाबांच्या खर्ऱ्याचा. या चौथ्या थांब्याविषयी एक शब्द बोलणे भाग आहे. टपरीवर सुपारी घोटून होईपर्यंत जी दहा मिनिटे जातात त्यांना घरात ‘जरासं थांबलो’ म्हणतात, आणि मुलाने घेतलेल्या चार मिनिटांना ‘उशीर’ म्हणतात. शास्त्रात असा पंक्तिप्रपंच चालत नाही. थांबा तो थांबा. अनुभवी कुटुंबांचा दिवस पाहिला तर आठ थांब्यांच्या पुढे कोणाचाच स्वभाव टिकत नाही, चालकाचा तर नाहीच. आता गणित सोपे झाले. पचमढी चौदा थांबे, म्हणजे दोन दिवस, मध्ये नागपुरात किंवा छिंदवाड्यात मुक्काम. कोकण हजार किलोमीटरच्या पुढे, म्हणजे चाळीस थांबे, पाच दिवस जायला आणि पाच यायला. समुद्र पाहायला मध्ये किती दिवस ठेवायचे, हे ज्याने त्याने आपल्या रजेच्या अर्जाला विचारावे.

इथे समृद्धी महामार्गाचे नाव घेऊन आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. मोटारींना ताशी १२० ची मुभा, आठ तासांत मुंबई. मग थांब्यांचे हे गणित जुनाट नाही का? उलट, याच रस्त्यावर ते सर्वांत नीट सिद्ध होते. हा रस्ता पहिल्या टाकीसाठी बांधलेला आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, उतरायचे तर इंटरचेंजवरच, आणि मध्येच कडेला गाडी लावणे धोक्याचे आणि नियमाबाहेरचे. म्हणजे इशारा मिळाल्यावरची ती तीन मिनिटे इथे इंटरचेंजपर्यंतच्या किलोमीटरांत मोजावी लागतात. साध्या रस्त्याला कडुनिंबाचे झाड असते, पंक्चरचे दुकान असते, ढाब्यामागची मोरी असते. वेग दुप्पट झाला म्हणून दोन कपांचे चार कप होत नाहीत. शिवाय मुलाच्या डोळ्यांचाही विचार करावा लागतो. जुन्या रस्त्यावर बकऱ्या आडव्या येतात, बैलगाडी दिसते, कोणी पाळीवर बसून आंघोळ करत असतो, ट्रकच्या मागे काहीबाही लिहिलेले असते. समृद्धीवर तासभर एकच दृश्य चालू राहते. बाहेर पाहण्यासारखे काही उरले नाही की मूल आत पाहते, आणि आत त्याचा भाऊ बसलेला असतो. पुढचे सांगायला नको. या रस्त्याला एक श्रेय मात्र द्यावे लागेल. सरळ, एकसुरी रस्त्याने चालकाला येणारी गुंगी, जिला वर्तमानपत्रे महामार्ग संमोहन म्हणतात, तिची चर्चा इथल्या अपघातांनंतर घरोघरी पोहोचली. त्या गुंगीवर दर सात मिनिटांनी मागून येणारे ‘आलं का?’ हे बाजारात न मिळणारे औषध आहे. फक्त उत्तर चालकाने द्यायचे नाही. मागे मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला त्यासाठीच तिथे बसवलेले असते, आणि त्याने डुलकी घेणे हा या शास्त्रात कर्तव्यच्युतीचा गुन्हा आहे.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा. पोट्ट्याच्या हातात मोबाइल द्या, चाळीस थांब्यांचे चार होतील, असे ते छातीठोक सांगतात. वरवर पाहता खरेही वाटते, कारण पहिला अर्धा तास गाडीत स्वर्गीय शांतता असते. पण प्रवासात मळमळते कशाने, ते पाहावे. कानाच्या आतला तोलाचा अवयव मेंदूला सांगतो, आपण हलतो आहोत. पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलू लागले की मेंदू गोंधळतो आणि पोट निकाल देऊन टाकते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त, दोनच्या आतल्यांना सहसा होत नाही. म्हणजे मोबाइलने वाचवलेली पंधरा मिनिटे सीटकव्हर धुण्यात जातात, आणि तो वास पचमढीपर्यंत सोबत येतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट किंवा छिंदवाड्यापुढचा तामियाचा चढ, इथे तर मोबाइल खिशातच असावा आणि नजर समोर, लांबवर. खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि पोटात हलके काही असावे. इथे आजीशी संघर्ष अटळ आहे. उपाशीपोटी पोर गाडीत बसवू नये, हे तिचे ब्रीद असते आणि त्यासाठी ती तिखटमिठाच्या पुऱ्या, सांबारवडी, वर दही असा जामानिमा पहाटे चारलाच तयार ठेवते. तिचे ब्रीद बरोबर आहे, प्रमाण चुकीचे आहे. एक पुरी द्यावी, उरलेल्या डब्यात. लिंबू, आवळ्याची सुपारी, आलेपाक हे घरगुती साहित्य जवळ असावे. गुण आला नाही तरी तोंड गुंतलेले राहते. गोळी द्यायची तर ती मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आणि पिशव्या. सर्व साधनांत प्लास्टिकची पिशवी श्रेष्ठ, आणि ती डिकीत न ठेवता हाताशी असावी. डिकीतली पिशवी म्हणजे गावाबाहेरचा अग्निशमन बंब.

रात्री निघा, मुले झोपतात, असे सुचवणारेही पुष्कळ असतात. झोपतात हे खरे. रात्रभर झोपून पहाटे साडेपाचला ती ताजीतवानी उठतात आणि गाणे म्हणू लागतात. त्याच घटकेला चालकाचे डोळे मिटू लागतात. रात्रभर एकट्याने जागून कमावलेले अंतर मग कडेला गाडी लावून झोपण्यात जाते, तेही मिळाले तर, कारण ताजीतवानी मंडळी झोपू देत नाहीत. मग रेल्वेने का जात नाही? विषय गाडीचा आहे, तरीही उत्तर टाळता येत नाही. रेल्वेच्या डब्यात मोरी असते, आणि त्या एका गोष्टीमुळे आमचे निम्मे शास्त्र निकालात निघते. विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला नेते, महाराष्ट्र एक्स्प्रेस दिवस-रात्र एक करून थेट कोल्हापूरला पोहोचवते, दोन्ही गोंदियाहून निघतात आणि भंडारा रोडला थांबतात. हे भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीला आहे. गाव इथे नाही, गावाचा नुसता रस्ता आहे, ही गोष्ट रेल्वेने पाटीवर लिहून ठेवली. गाडीने निघणारी माणसे ‘आलंच आता’ म्हणताना तेवढाही प्रामाणिकपणा दाखवत नाहीत.

आता थट्टा बाजूला ठेवून दोन गोष्टी. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे, आणि तिला माया म्हणतात. ताशी साठच्या वेगाने चाललेल्या गाडीचा ब्रेक करकचून लागला की दहा किलोचे बाळ कोणत्याही आईच्या हातात राहू शकत नाही. तिथे मायेचा संबंध नसतो, वेगाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या आसनात बांधलेले नसेल तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे. मूल रडते म्हणून पट्टा सोडायचा नसतो. ते केस कापतानाही रडते, आणि तिथे आपण वस्तरा मुलाच्या हातात देत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढू शकते. बाहेर पंचेचाळीस असताना आतला आकडा ज्याचा त्याने काढावा. झोपले आहे, उठवायला नको, एवढ्यात पाण्याची बाटली घेऊन येतो, हे वाक्य विदर्भात मेमध्ये उच्चारूच नये. झोपमोड झाली तर मूल अर्धा तास किरकिरेल. किरकिरू द्या, त्याला उचलून सोबत न्या.

या साऱ्यातून जो मोठा निष्कर्ष निघतो तो पालकांना रुचत नाही, पण टाळता येत नाही. अंतर धाकटा मोजत असेल, तर पोहोचलो की नाही हेही तोच ठरवणार. मोठ्यांच्या दृष्टीने पोहोचणे म्हणजे हॉटेलच्या पाटीखाली गाडी लागणे. धाकट्याच्या दृष्टीने पोहोचणे म्हणजे पाणी, वाळू, माकड किंवा घसरगुंडी दिसणे. साकोलीहून निघालेली गाडी चाळीसेक किलोमीटरवर कारध्याला वैनगंगेच्या पुलावर येते. गोसीखुर्दच्या धरणाचे पाणी मागे इथवर तुंबत असल्याने पात्र भर उन्हाळ्यातही भरलेले दिसते, आणि मागच्या सीटवरून आरोळी उठते, ‘समुद्र!’ मोठी माणसे हसून सांगतात, समुद्र अजून हजार किलोमीटर दूर आहे बेटा. या क्षणी ती मोठी चूक करतात. सहल पोहोचली होती. तिला पुन्हा रस्त्यावर काढले. पुढच्या हजार किलोमीटरांत मूल जे रडते, ते त्या मागे टाकलेल्या समुद्रासाठी. म्हणून नियम असा की जायच्या ठिकाणाचे नाव मुलाला आधी सांगू नये. नाव सांगितले की नाव आले का, हा प्रश्न सुरू होतो. नाव नसले की प्रत्येक थांबा हेच ठिकाण असू शकते, आणि पालकांनाही ती सोय शेवटपर्यंत हाताशी राहते.

ही सोय वापरायची तर भंडारा जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. कोहळी शेतकऱ्यांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव, ज्यांना पुढे मालगुजारी तलाव म्हणू लागले आणि आता सगळे मामा तलाव म्हणतात, ते इथे इतके आहेत की थांबा घ्यावा आणि पाणी दिसू नये असे क्वचितच होते. मामाच्या गावाला जाण्याच्या सुटीत मामा तलाव लागावा, हा योग भाषेनेच जुळवून ठेवला आहे. साकोलीपासून जवळच पिटेझरीचे फाटक आहे, आत नागझिरा. भंडाऱ्याजवळ कोका अभयारण्य आणि रावणवाडीचे धरण, तुमसरकडे चांदपूरचा मारुती आणि त्याच्या पायाशी जलाशय, पवनीच्या बाजूला गोसीखुर्द. आणि आंभोरा: वैनगंगेसह पाच नद्यांचा संगम, नागपूर जिल्ह्याला जोडणारा केबलचा उंच पूल, वर नदी पाहायला गॅलरी. मुकुंदराजांनी विवेकसिंधु इथेच लिहिला असे आपल्याकडे मानतात, आंबेजोगाईकर ते मुळीच मानत नाहीत. आठशे वर्षांत कवी नेमका कुठे पोहोचला होता याचा निकाल लागलेला नाही, तिथे चार वर्षांच्या मुलाकडून हॉटेलच्या नावाची अपेक्षा धरू नये. यातले कोणतेही ठिकाण साकोलीहून चार थांब्यांच्या आत आहे. संध्याकाळी परत घरी, आपल्याच मोरीत.

शेवटचा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण तोच सर्वांत बळकट असतो. रावणवाडीला गेलो हे शेजाऱ्यांना काय सांगायचे, आणि स्टेटसला काय ठेवायचे? पचमढीचा मान मोठा आहे आणि तो जुना आहे. भंडारा पूर्वी ज्या प्रांतात होता, त्या मध्यप्रांताचे सरकारच इंग्रजी अमदानीत उन्हाळा लागला की नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसत असे. भंडाऱ्याच्या बाबांना मेमध्ये पचमढीची ओढ लागते, ती या सरकारी वळणातून आली असावी अशी आम्हांला दाट शंका आहे. पण सरकार सोबत फायली नेत होते. फायलींना ओकारी येत नाही, आणि त्या ‘आलं का?’ असे विचारत नाहीत, वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी. ज्यांच्यासोबत फायली आहेत त्यांनी खुशाल जावे. ज्यांच्यासोबत मुले आहेत त्यांनीही जावे, दोन दिवसांत, चौदा थांब्यांनी, आणि कारध्याच्या पुलावर ‘समुद्र!’ ऐकू आला तर पूल ओलांडून पुढे नीट जागा पाहून गाडी लावावी. पचमढी कुठे पळून जात नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्याआधी, पहिला पाऊस पडायच्या आत, गाडीची मागची सीट उचलून खाली सांडलेला बिस्किटांचा आणि पुऱ्यांचा चुरा काढून टाका. तो राहिला तर पावसाळाभर गाडीत मुंग्या निघतात.